एस पार्कर : एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू कॉलेजच्या बेसबॉल संघाला काय शिकवू शकतो?

१९४० साली अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, वर्षातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला क्लॅरेन्स ‘एस’ पार्कर. १९५३ मध्ये तोच पार्कर नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि पहिल्याच मोसमात संघाला ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे कॉलेज बेसबॉलच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेपर्यंत, घेऊन गेला. १९६६ पर्यंत, सलग १४ मोसम, तो त्या पदावर राहिला. पुढे १९७२ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्येही त्याचं नाव लागलं.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून खेळतात तो. तो आणि बेसबॉल एकमेकांपासून इतके दूरचे खेळ आहेत की एकातला तारा दुसऱ्यात शिकवू लागला म्हटल्यावर प्रश्न पडतोच. काय उपयोगी पडलं असेल? काय विसरावं लागलं असेल? पार्करचं उदाहरण समोर ठेवून कॉलेज बेसबॉलच्या प्रशिक्षकाचं काम नेमकं काय असतं, ते इथे उलगडून पाहू.

फुटबॉलपटू, पण नुसता फुटबॉलपटू नाही

पार्करचा जन्म १७ मे १९१२ चा, व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथचा. ड्यूकमध्ये तो १९३४ ते १९३६ फुटबॉल खेळला आणि बेसबॉलही. त्या काळी बहुतेक संघ ‘सिंगल विंग’ नावाची रचना वापरत. तिच्यात चेंडू थेट टेलबॅककडे येई. मग चेंडू घेऊन धावायचं, पास फेकायचा की पायाने उडवून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलायचं, हे तो ठरवी. बचावाची पाळी आली की तोच खेळाडू मागच्या फळीत उभा राही, कारण बदली खेळाडू हवे तसे आत-बाहेर करण्याची मुभा नियमात नव्हती. पार्कर टेलबॅक होता. धावणं, फेकणं, लाथेने मारणं, उंच आलेला चेंडू झेलणं, अडवणं ही सगळी कामं एकाच सामन्यात त्याच्या वाट्याला येत.

१९३७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या फुटबॉल संघाने त्याला निवडलं. (त्याच नावाचा बेसबॉल संघ वेगळा.) त्याच वर्षी कॉनी मॅकच्या फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स या बेसबॉल संघाकडूनही तो मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, उतरला. दोन्ही एकत्र जमलं ते मोसमांमुळे. बेसबॉल उन्हाळ्यात, फुटबॉल हिवाळ्याच्या तोंडावर, आणि एनएफएलचे सामने तेव्हा वर्षाला अकराच.

३० एप्रिल १९३७ ला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर तो बदली बॅटर म्हणून पहिल्यांदा बॅट घेऊन उभा राहिला आणि वेस फेरेल या कसलेल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा मैदानाबाहेर जाणारा फटका) ठोकला. मेजर लीगच्या दोन विभागांपैकी अमेरिकन लीगमध्ये बदली बॅटरने पदार्पणाच्या पहिल्याच संधीत होमरन मारण्याची ही पहिली वेळ. पुढचे आकडे मात्र रुक्ष आहेत. दोन मोसम, ९४ सामने, २०७ अॅट-बॅट (बॅटिंगच्या संधी), ३७ हिट (यशस्वी फटके), म्हणजे सरासरी .१७९. मेजर लीगमध्ये .२५० च्या आसपासची सरासरी साधारण मानली जाते. पार्कर तिथवर पोचला नाही.

पण बेसबॉल त्याने सोडला नाही, आणि पुढचं सगळं समजायला हे महत्त्वाचं आहे. तो मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या व्यावसायिक स्पर्धांत, खेळत राहिला. १९४० च्या उन्हाळ्यात बेसबॉल खेळतानाच त्याचा घोटा मोडला. त्या पायाला आधारपट्टा बांधून तो फुटबॉलच्या मोसमात उतरला आणि त्याच मोसमात सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग युद्धकाळात नौदल, मग १९४५ मध्ये बॉस्टन यांक्स, १९४६ मध्ये न्यूयॉर्क यांकीज हा फुटबॉल संघ, आणि त्यानंतर मायनर लीगचे संघ चालवण्याचं काम. आधी पोर्ट्समथ, मग १९४९ ते १९५२ डरहॅम बुल्स.

डरहॅम हे ड्यूक विद्यापीठाचंच गाव. म्हणजे १९५३ मध्ये ड्यूकने ‘एक मोठा फुटबॉलपटू’ आणून बसवला हे अर्धंच खरं. गावातल्या व्यावसायिक बेसबॉल संघाची धुरा चार मोसम वाहिलेला, विद्यापीठाचाच माजी खेळाडू त्यांनी घेतला. १९४७ पासून तो ड्यूकच्या फुटबॉल संघालाही शिकवत होता, आणि ते काम १९६५ पर्यंत चालू राहिलं. त्याच्याबरोबर ब्रुकलिनमध्ये फुटबॉल खेळलेल्या जिम व्हॉटलीनेही पुढे जॉर्जिया विद्यापीठाच्या बेसबॉल संघाला दीर्घकाळ प्रशिक्षण दिलं. त्या पिढीत ही वाट मळलेली होती.

मैदान आणि घड्याळ

बेसबॉलच्या मैदानावर चार बेस असतात, एकमेकांपासून ९० फुटांवर, म्हणजे २७.४ मीटर. पिचर होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या बेसपासून, ६० फूट ६ इंचांवर उभा राहतो. बाकीचे तिन्ही बेस पार करून परत होम प्लेटला पोचलं की एक रन. एका संघाचे तीन खेळाडू आऊट झाले की त्याची इनिंग संपते आणि सामना नऊ इनिंगचा असतो. म्हणजे सामना जिंकायला २७ आऊट मिळवावे लागतात. वेळेची मर्यादा नाही. फुटबॉलमध्ये आघाडीवर असलेला संघ घड्याळ संपवत बसू शकतो. बेसबॉलमध्ये सत्ताविसावा आऊट मिळेपर्यंत सुटका नाही, आणि प्रत्येक आऊटसाठी कुणाला तरी चेंडू टाकावाच लागतो.

तरीही प्रशिक्षकाच्या हातात घड्याळ असतंच, सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारं. बेस चोरण्याचं गणित घ्या. पहिल्या बेसवर धावपटू आहे आणि त्याला दुसरा बेस चोरायचा आहे, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून गाठायचा आहे. पिचर हलल्यापासून चेंडू बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंत साधारण १.३ सेकंद. तिथून कॅचर उठून दुसऱ्या बेसवर चेंडू पोचवतो, त्याला २.० सेकंद. बेरीज ३.३. धावपटू पहिल्या बेसपासून चार पावलं पुढे उभा राहून ३.४ सेकंदांत पोचत असेल, तर तो आऊट. पिचरने पाय जरा जास्त उचलून १.५ घेतले, तर तोच धावपटू आरामात सेफ. एक दशांश सेकंद म्हणजे त्या वेगाला पाऊण मीटरहून जास्त अंतर.

बघणाऱ्याला वाटतं, कॅचरचा हात कमी पडला. बहुतेक वेळा चूक पिचरची असते. म्हणून जाणता प्रशिक्षक कॅचरला ओरडण्याआधी पिचरची वेळ मोजतो. फुटबॉलच्या मागच्या फळीत वर्षानुवर्षं घालवलेल्या माणसाला हा विचार सोपा जातो. तिथेही पास पूर्ण झाला तर दोष बचावपटूचा की पुढच्या फळीने पास फेकणाऱ्याला दिलेल्या जादा वेळेचा, हे आधी पाहावं लागतं.

फुटबॉलमधून येणारी सर्वांत मोठी शिदोरी हीच. एका घटनेत अकराही जणांनी काय करायचं हे आधी ठरवून, पाठ करून घेण्याची सवय. बेसबॉलमध्ये तिचा उपयोग कुठे होतो, ते ‘पहिला-तिसरा’ या प्रसंगात स्वच्छ दिसतं.

पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू आहेत. पहिल्यावरचा अचानक पळत सुटतो. कॅचरने चेंडू दुसऱ्या बेसवर फेकला की तिसऱ्यावरचा घरी, म्हणजे होम प्लेटकडे, धावतो आणि रन मिळवतो. फेकला नाही, तर दुसरा बेस फुकट गेला. बचाव करणाऱ्या संघाकडे चार उत्तरं असतात. कॅचर थेट दुसऱ्या बेसवर फेकतो आणि आऊट मिळवायचा प्रयत्न करतो. किंवा तसाच फेकतो, पण सेकंड बेसमन वाटेत पुढे येऊन चेंडू अडवतो आणि परत घरी फेकतो. किंवा कॅचर दुसरीकडे फेकल्याचा आविर्भाव करून तिसऱ्या बेसवर फेकतो. किंवा डोक्याच्या उंचीवर जोरात, पण पिचरच्याच हातात फेकतो, म्हणजे तिसऱ्यावरचा फसून अर्ध्यात सापडतो.

कोणतं उत्तर, ते चेंडू टाकण्याआधी खुणेने ठरलेलं असतं. गडबड होते ती एकाने खूण चुकीची वाचली तर. पिचर चेंडू अडवायला हात वर करतो आणि दुसऱ्या बेसवर जायचा चेंडू त्याच्या ग्लव्हला लागून भरकटतो. दोन्ही धावपटू पुढे सरकतात. सरावात हा प्रसंग आठवड्यातून किमान दोनदा, खरे धावपटू ठेवून घडवावा लागतो. फळ्यावर समजावून भागत नाही, कारण अडवणाऱ्याला तिसऱ्यावरचा धावपटू डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसायला हवा, आणि ती नजर मैदानातच तयार होते.

हातातला चेंडू

अंगवळणी पडलेल्या काही गोष्टी मात्र घात करतात. फुटबॉलचा चेंडू ४०० ग्रॅमच्या पुढचा, लांबट. तो झेलला की छातीशी ओढून, कोपराखाली दाबून धरायचा, हे टेलबॅकच्या रक्तात असतं, कारण पुढच्या क्षणी कुणीतरी येऊन आदळणार असतं. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका. शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाने, तो अंगाशी ओढला की खेळ तिथेच हरला.

उजव्या हाताने बॅट धरणारा धावपटू फटका मारल्यापासून साधारण ४.३ सेकंदांत पहिल्या बेसवर पोचतो. तेवढ्यात चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे येणार, तो उचलला जाणार, ग्लव्हमधून हातात येणार आणि पहिल्या बेसपर्यंत जाणार. चेंडू ग्लव्हमध्ये आल्यापासून हातातून सुटेपर्यंत सेकंदभराहून जास्त गेला, की वेगवान धावपटू सुटलाच.

म्हणून जमिनीवरचा चेंडू उचलणं अगदी तुकड्यातुकड्याने शिकवतात. उजवा पाय टेकायचा, मग डावा, दोन्ही खांद्यांपेक्षा रुंद. कंबर खाली. ग्लव्ह आधी जमिनीला लावायचा, उघडा, तळवा चेंडूकडे. चेंडू उसळला तर ग्लव्ह वर नेता येतो. उलट, वर धरलेला ग्लव्ह ऐनवेळी खाली नेता येत नाही, आणि चेंडू दोन पायांमधून निघून जातो. दुसरा हात ग्लव्हच्या वरच्या बाजूला तयार, म्हणजे चेंडू आला की लगेच बोटं त्याच्या शिवणीवर. मग उजवा पाय डाव्याच्या पुढून टाकायचा, खांदा लक्ष्याकडे वळवायचा आणि फेकायचं. नवशिका पाय न हलवता नुसत्या हाताने फेकतो. चेंडू पहिल्या बेसच्या अलीकडे टप्पा खातो आणि दोष येतो फर्स्ट बेसमनच्या माथी.

फेकण्याचाही फरक आहे. फुटबॉल फेकताना चेंडू कानाजवळ ठेवून हाताचा छोटा फेरा घेतात. जड चेंडू लांब फेऱ्याने फेकला तर तो सुटायला वेळ लागतो, तोवर बचावपटू अंगावर येतो. बेसबॉलच्या पिचरचा हात खूप मागे जातो. कोपर पुढे येत असताना पंजा अजून मागेच राहतो आणि त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर प्रचंड ताण येतो. तो अस्थिबंध तुटला तर दुसरीकडचा स्नायूबंध काढून तिथे बसवतात. फ्रँक जोब या शल्यविशारदाने १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली, आणि आजही ती टॉमी जॉनच्याच नावाने ओळखली जाते. फुटबॉलमध्ये पास फेकणाऱ्यांवर ती वेळ क्वचितच येते. त्यामुळे फुटबॉलमधून आलेल्या प्रशिक्षकाला या जागेची भीती अनुभवाने ठाऊक नसते. ती त्याला शिकून घ्यावी लागते.

पिचरचा हिशेब

कॉलेज बेसबॉलमध्ये मोसम जिंकला जातो किंवा हातचा जातो तो इथे.

आजच्या पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठाचं वेळापत्रक पाहा. नियमित मोसमात जास्तीत जास्त ५६ सामने, फेब्रुवारीच्या मध्यापासून. आठवड्याला साधारण चार. शुक्रवार, शनिवार, रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी, आणि मंगळवारी किंवा बुधवारी एक सुटा. चार सामने म्हणजे १०८ आऊट. एका इनिंगला सरासरी सोळा चेंडू धरले तर सामन्याला १४४, आठवड्याला पावणेसहाशेच्या आसपास. हे चेंडू कुणाच्या हातून टाकून घ्यायचे, हाच प्रश्न.

सुरुवात करणारे चार पिचर शुक्रवारी ९५, शनिवारी ९०, रविवारी ८० आणि मंगळवारी ६० चेंडू टाकतात असं समजू. झाले ३२५. उरलेले अडीचशे बुलपेनमधल्या, म्हणजे राखीव पिचरांमध्ये वाटायचे. इथे विश्रांतीचा नियम आडवा येतो. मेजर लीगने तरुण पिचरांसाठी घालून दिलेल्या मार्गदर्शक तक्त्यात १९ ते २२ वयाला एका दिवसाची मर्यादा १२० चेंडू आहे. ३० पर्यंत टाकले तर विश्रांती सक्तीची नाही. ३१ ते ४५ ला एक दिवस, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ८० ला तीन, ८१ ते १०५ ला चार आणि त्यापुढे पाच दिवस.

आता शुक्रवारी रात्री आठव्या इनिंगमध्ये संघ एका रनने पुढे आहे. सर्वांत भरवशाच्या राखीव पिचरचे २८ चेंडू झालेत. त्याला नववी इनिंगही दिली तर तो ४५ वर जाईल आणि शनिवारी मिळणार नाही. ५० झाले तर रविवारीही नाही. शुक्रवार जिंकून शनिवार-रविवार हरणारे संघ याच ठिकाणी चुकतात.

फुटबॉलची सवय इथे उलटी पडते. फुटबॉलमध्ये आठवड्याला एकच सामना. सगळी ताकद त्या दिवशी ओतायची, मग सात दिवस सावरायला मिळतात. जिंकायची जिद्द असेल तर दुखऱ्या अंगाने उतरायचं, आणि ते शौर्य मानलं जातं. पार्कर स्वतः मोडलेल्या घोट्यानंतर खेळला आणि सर्वोत्तम ठरला. घोट्याला पट्टा बांधता येतो. पिचरच्या कोपराला बांधायचा असा पट्टा नाही. ‘अजून एक इनिंग काढ’ हे वाक्य पिचरला ऐकवणं म्हणजे त्याच्या पुढच्या वर्षावर कर्ज काढणं. हे आमचं ठाम मत आहे, आणि ज्याला मुलांची काळजी आहे त्या प्रशिक्षकाने त्यात पळवाट शोधू नये.

न मोजले जाणारे चेंडूही असतात. मैदानात येण्याआधी राखीव पिचर वीस-तीस चेंडू टाकून हात गरम करतो. प्रत्येक इनिंगच्या सुरुवातीला आणखी काही. प्रशिक्षकाने एखाद्याला तयार व्हायला सांगितलं, मग बसवलं, परत उठवलं, परत बसवलं, तर तो एकही चेंडू सामन्यात न टाकता दमतो आणि कागदावर ताजातवाना दिसतो. यावर साधा उपाय आहे. एकदा पूर्ण गरम झालेल्या पिचरला त्या दिवशी एकतर आत आणायचं, नाहीतर त्याच्या नावापुढे तीस चेंडू लिहून टाकायचे.

पार्करच्या काळात हे तक्ते नव्हते. सुरुवात करणाऱ्यानेच सामना संपवायचा अशी अपेक्षा असे. ड्यूकमध्ये त्याच्या आधी प्रशिक्षक होता जॅक कूम्ब्स, फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सचा जुना पिचर. १९०६ मध्ये बॉस्टनविरुद्ध तो एकाच सामन्यात २४ इनिंग टाकून जिंकला होता आणि १९१० च्या मोसमात त्याने ३१ विजय मिळवले होते. ड्यूकचं मैदान आजही त्याच्या नावाचं आहे. पार्कर त्याच्याच हाताखाली बेसबॉल खेळला होता. दोन माणसं किती वेगळ्या बाजूंनी खेळाकडे आली पाहा. एक पिचर, दुसरा इनफिल्डर, म्हणजे बेसजवळचा क्षेत्ररक्षक. इनफिल्डर जेव्हा मुख्य प्रशिक्षक होतो, तेव्हा पिचरांसाठी वेगळा जाणकार लागतो. आजच्या संघात तो पूर्णवेळ असतो, त्या काळी मदतीचे हात थोडे असत.

फंगो

प्रशिक्षकाच्या हातात दिसणारी लांब, बारीक बॅट म्हणजे फंगो. ३५ इंच लांब, वजन साधारण ६०० ग्रॅम. सामन्यातली बॅट ३३ इंचांची असली तरी ८५० ग्रॅमच्या घरात असते. प्रशिक्षक एका हाताने चेंडू वर टाकतो आणि फंगोने क्षेत्ररक्षकाला हवा तसा फटका मारून देतो. सरावाच्या एका सत्रात त्याला दोन-तीनशे फटके मारावे लागतात, म्हणून ती हलकी.

ही कला येत नसेल तर बेसबॉल शिकवता येत नाही. शॉर्टस्टॉपच्या उजव्या हाताला तीन पावलं, दुसऱ्या टप्प्यावर कमरेला येणारा चेंडू मागितला तर तो तसाच द्यायला हवा. सरळ अंगावर जाणारे चेंडू दिले की सराव छान दिसतो आणि सामन्यात मुलं उघडी पडतात. नव्या माणसाची ठरलेली चूक म्हणजे फार जोरात मारणं. जोरात आलेला चेंडू क्षेत्ररक्षक जागेवरून अडवतो. हळू आलेल्या चेंडूकडे त्याला पाय चालवत जावं लागतं, आणि सामन्यात घोळ त्यावरच होतात.

कॅचरसाठी सरळ वर, अगदी डोक्यावर उडणारा झेल देणं सगळ्यांत अवघड. तसा चेंडू खाली येताना मैदानाकडे वळतो, म्हणून कॅचरने मैदानाकडे पाठ करून तो घ्यायचा असतो. इथे जुन्या टेलबॅकचा अनुभव सरळ कामाला येतो. पायाने उडवलेला फुटबॉल वाऱ्यात डुलत खाली येतो आणि तो झेलणाऱ्याचे पाय शेवटपर्यंत हलते असावे लागतात. हीच शिकवण बाहेरच्या मैदानातल्या झेलांना तंतोतंत लागू पडते. लवकर जाऊन थांबायचं नाही, चेंडूच्या मागून पुढे येत झेल घ्यायचा, म्हणजे फेकायला अंगाचा जोर मिळतो.

बॅट

ताशी ९० मैल वेगाचा चेंडू बॅटरपर्यंत यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. त्यातले दीडेक दशांश सेकंद बॅट फिरवण्यात जातात. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू कोणता, कुठे येणार आणि मारायचा की नाही हे ठरवायचं असतं. इथे जोर लावून काही साधत नाही. मुठी आवळल्या की मनगटं जड होतात, पुढचा खांदा लवकर उघडतो आणि बॅट चेंडूच्या बाहेरून फिरते. चांगला बॅटरही दहापैकी सात वेळा आऊट होतो. फुटबॉलमध्ये चुकल्यावर पुढच्या खेळीत दुप्पट ताकदीने भिडायला सांगतात, आणि तिथे ते चालून जातं. बेसबॉलच्या बॅटरला तोच सल्ला दिला तर त्याची घसरण लांबते.

सरावाचा क्रम म्हणून खालून वर असतो. आधी टीवर, म्हणजे रबरी खांबावर ठेवलेला स्थिर चेंडू. मग बाजूने हळू उडवलेला. मग जाळीमागून पाच-सहा मीटरवरून समोर टाकलेला. त्यानंतर पूर्ण अंतरावरून, शेवटी खरा पिचर. बिघाड दिसला की एक पायरी खाली यायचं. प्रत्येक पायरीवर आठ-दहा फटक्यांचा एक हप्ता, मग विश्रांती. सलग पन्नास मारले की शेवटचे तीस दमलेल्या हातांचे असतात आणि दमलेली हालचालच पक्की होते.

पार्करच्या सगळ्या १४ मोसमांत कॉलेजची मुलं लाकडी बॅटनेच खेळली. अॅल्युमिनियमच्या बॅटला कॉलेजमध्ये परवानगी मिळाली १९७४ मध्ये. २०११ पासून धातूच्या बॅटच्या उसळीवर कडक मर्यादा आहे आणि इंचांतली लांबी व औंसांतलं वजन यांत तीनपेक्षा जास्त फरक चालत नाही. ३३ इंचांची बॅट किमान ३० औंसांची हवी.

मोजमाप आणि मुलं मिळवणं

ड्यूकमधला पार्करचा हिशेब १६६ विजय, १६२ पराभव, ४ बरोबरी. वरवर पाहता बेताचा. पण तो ३३२ सामन्यांचा आहे, म्हणजे मोसमाला जेमतेम २४, आणि शरद ऋतूत पार्करचा वेळ फुटबॉलला जाई. आज पूर्णवेळ प्रशिक्षक त्याच काळात नव्या मुलांची घडी बसवतो. त्या मर्यादेत ड्यूकने १९५६, १९५७ आणि १९६१ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे आपल्या विद्यापीठ-गटाची स्पर्धा, जिंकली आणि १९५३ व १९६१ मध्ये ओमाहा गाठलं. १९६१ नंतर २०२५ पर्यंत ड्यूक पुन्हा ओमाहाला पोचलेला नाही. टक्केवारीपेक्षा हे जास्त बोलकं वाटतं.

आज अशी वाट धरणाऱ्याला सर्वांत जास्त गोंधळात टाकेल ती मुलं मिळवण्याची पद्धत. एनएफएलमध्ये जायला शाळा सुटून तीन वर्षं व्हावी लागतात, त्यामुळे फुटबॉलच्या प्रशिक्षकाने निवडलेला मुलगा कॉलेजात येतोच. बेसबॉलमध्ये मेजर लीगचे संघ शाळा संपवलेल्या मुलाला थेट निवडू शकतात. म्हणजे दोन वर्षं मागे लागून मिळवलेला पिचर जुलैत पैसे घेऊन निघून जाऊ शकतो. चार वर्षांच्या कॉलेजात एकदा आला की मात्र तिसरं वर्ष पुरं होईपर्यंत किंवा तो २१ वर्षांचा होईपर्यंत सहसा हात लावता येत नाही. म्हणून प्रत्येक वर्षी गरजेपेक्षा दोन-तीन पिचर जास्त बोलावून ठेवावे लागतात, आणि सगळेच आले तर जागा कुठे करायची याचाही विचार आधीच हवा.

पैशाची विभागणीही वेगळी. बरीच वर्षं पहिल्या श्रेणीच्या फुटबॉल संघाला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या असत, बेसबॉलला ११.७. त्या ११.७ चे तुकडे करून पंचवीस-तीस मुलांत वाटायचे. कुणाला अर्धी, कुणाला पाव. उत्तम पिचरला ७० टक्के दिले की इतर दोघांचे पैसे गेले. २०२५ मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्यांची ही मर्यादा गेली. तिच्या जागी संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. बेसबॉलसाठी ३४. आता पैसे मोकळे, जागा बांधलेल्या. आठवड्याच्या पावणेसहाशे चेंडूंचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला, तर ३४ पैकी निम्मे पिचरच घ्यावे लागतात, आणि बाकीच्या १७ जणांत दोन कॅचर तरी धडधाकट असायलाच हवेत.